स्कीमातून जनरेट झालेल्या कोडमधल्या तारखा: एक दिवस मागे पडू नये म्हणून

माझ्या पहिल्या एक्सएमएल प्रकल्पात लोकांच्या जन्मतारखा एक दिवस मागे गेल्या. सगळ्यांच्या नाही, फक्त आमच्याकडून फाइलने गेलेल्यांच्या. समोरच्या टीमने त्यांच्या स्क्रीनवर हाताने भरलेल्या नोंदी ठणठणीत होत्या. दोन दिवस आम्ही डेटाबेस खणत बसलो. शेवटी पाठवलेली फाइल साध्या एडिटरमध्ये उघडली, तेव्हा दिसलं: ‘१९९०-०६-१५+०५:३०’. तारखेच्या शेपटीला टाइमझोन लटकलेला. समोरच्यांनी ती यूटीसीत (जगाच्या प्रमाणवेळेत) नेली, म्हणजे १४ तारखेची संध्याकाळ साडेसहा, आणि त्यातला तारखेचा भाग तेवढा ठेवला. स्कीमाप्रमाणे, म्हणजे फाइलीत काय आणि कुठल्या रूपात असावं ते सांगणाऱ्या आराखड्याप्रमाणे, आमची फाइल वैध होती. त्यांचा कोडही नियमाबाहेर काही करत नव्हता. चूक दोघांच्या मधल्या फटीत होती.

हा लेख त्या फटीबद्दल आहे. तुमच्या हातात कोणीतरी एक्सएसडी (स्कीमाची फाइल) दिली आहे, त्यातून क्लासेस जनरेट करायचे आहेत आणि तारखा-वेळा वाचायच्या-लिहायच्या आहेत, असं धरून चालतो. भर जावावर आहे, कारण माझे हात तिथेच जास्त भाजले. डॉटनेटचे दोन-तीन खड्डेही सांगतो.

एक सूचना: क्लास आणि मेथडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. उदाहरणांतले ‘टी’ आणि ‘झेड’ म्हणजे फाइलमधली ती दोन मोठी रोमन अक्षरं.

आधी हे जवळ ठेवा

- मूळ एक्सएसडी फाइल आणि ती इम्पोर्ट करत असलेल्या बाकीच्या स्कीमा फाइली
- समोरच्या सिस्टिमकडून आलेल्या निदान चार-पाच खऱ्या फाइली (नमुना म्हणून हाताने बनवलेल्या नकोत, त्या नेहमी गोंडस असतात)
- कोड जनरेटर: जावासाठी एक्सजेसी, डॉटनेटसाठी एक्सएसडी टूल, किंवा तुमच्या भाषेत जो असेल तो
- स्कीमाप्रमाणे फाइल तपासणारा व्हॅलिडेटर
- समोरच्या टीममधला असा एक माणूस, जो ‘या फील्डचा अर्थ काय’ याचं उत्तर देऊ शकेल

जावा ११ किंवा पुढची आवृत्ती वापरत असाल तर जॅक्सबी (एक्सएमएल आणि जावा ऑब्जेक्ट यांच्यात ने-आण करणारी लायब्ररी) जेडीकेबरोबर येत नाही, वेगळी डिपेंडन्सी म्हणून घ्यावी लागते. आवृत्ती ३ पासून पॅकेजचं नाव ‘जावाएक्स’ ऐवजी ‘जकार्ता’ने सुरू होतं. जुन्या लेखांतला कोड कॉपी केल्यावर इम्पोर्ट लाल दिसले तर कारण बहुधा हेच.

१. कोडला हात लावण्याआधी स्कीमा वाचा

एक्सएमएल स्कीमात तारीख-वेळेचे प्रकार आपल्याला वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत. डेटटाइम, डेट आणि टाइम हे नेहमीचे तीन. शिवाय अर्धवट तारखांचे पाच: नुसतं वर्ष, वर्ष-महिना, नुसता महिना, महिना-दिवस, नुसता दिवस. आणि कालावधीसाठी ड्युरेशन. २०१२ मध्ये आलेल्या १.१ आवृत्तीने यात डेटटाइमस्टॅम्पची भर घातली. तो डेटटाइमच आहे, फक्त त्यात टाइमझोन सक्तीचा.

यावरूनच कळतं की बाकी सगळीकडे टाइमझोन ऐच्छिक आहे. हे वाक्य मी आधी कुठेतरी वाचलं होतं, पण त्याचा अर्थ डोक्यात उतरला नव्हता. ‘२०२४-०३-१५टी१०:३०:००’ हे वैध आहे. त्याच्यापुढे ‘झेड’ (म्हणजे यूटीसी) लावला तरी वैध, ‘+०५:३०’ लावलं तरी वैध. नुसत्या तारखेलाही टाइमझोन लावता येतो आणि तेही वैध. ऑफसेट, म्हणजे यूटीसीपासूनचा फरक, उणे १४ ते अधिक १४ तासांपर्यंत काहीही चालतो.

उलट बाजूने, जे आपल्याला चालेलसं वाटतं ते चालत नाही. सेकंद गाळता येत नाहीत: ‘१०:३०’ ही वैध वेळ नाही, ‘१०:३०:००’ हवं. तारीख आणि वेळ यांच्यामध्ये मोकळी जागा चालत नाही. तारखेचं रिकामं एलिमेंटही चालत नाही. मूल्य नसेल तर एलिमेंट गाळा (स्कीमा तशी सूट देत असेल तर), नाहीतर निल (‘मूल्य नाही’ अशी खूण) म्हणून पाठवा (एलिमेंट निलेबल असेल तर). दोन्हीची सोय नसेल तर स्कीमा देणाऱ्याशी बोला. अशा वेळी ‘०००१-०१-०१’ कोंबणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ती तारीख पुढे अहवालात छापलेलीही पाहिली आहे.

२. प्रत्येक फील्डला एक प्रश्न विचारा: क्षण की तारीख?

या कामात सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. एक कागद घ्या, स्कीमातली तारीख-वेळेची सगळी फील्डं लिहा आणि प्रत्येकापुढे तीनपैकी एक शब्द टाका.

क्षण: घटना नेमकी केव्हा घडली. पेमेंट झालं, फाइल बनली, लॉगिन झालं. जगात कुठूनही बघितलं तरी तो क्षण एकच. याला ऑफसेट हवाच.

तारीख: कॅलेंडरवरचा चौकोन. जन्मतारीख, कागदपत्राची मुदत, सुट्टीचा दिवस. याला टाइमझोन नको. लावला की माझ्यासारखं होतं.

भिंतीवरची वेळ: ‘दुकान सकाळी नऊला उघडतं’ यातली नऊ. ही त्या ठिकाणच्या घड्याळाची वेळ. ऑफसेट लावला तर उन्हाळ्यात घड्याळं पुढे करणाऱ्या प्रदेशात ती वर्षातले काही महिने चुकेल.

चौथा एक त्रासदायक प्रकार आहे: पुढच्या वर्षीची मीटिंग, ठरावीक शहरातल्या वेळेप्रमाणे. स्कीमाच्या प्रकारात फक्त ऑफसेट मावतो, टाइमझोनचं नाव मावत नाही. ‘+०१:००’ वरून तो कुठल्या देशाचा आणि तिथे घड्याळं कधी बदलतात ते कळत नाही. अशा वेळी झोनचं नाव वेगळ्या स्ट्रिंग फील्डमध्ये मागून घ्या. स्कीमा बदलत नसेल तर निदान ती माहिती इथे हरवते आहे हे कुठेतरी लिहून ठेवा.

स्कीमात डेटटाइम लिहिलंय म्हणजे तो क्षणच असेल असं धरू नका. मध्यरात्रीची वेळ लावून डेटटाइममध्ये कोंबलेल्या जन्मतारखा सर्रास दिसतात. म्हणून तर खऱ्या फाइली आणि उत्तर देणारा माणूस हवा. फाइलींत एखाद्या फील्डची वेळ कायम ००:००:०० असेल तर ती तारीख आहे, स्कीमा काहीही म्हणो.

३. जनरेटरने काय दिलं ते उघडून बघा

कोड जनरेट करा आणि तारखेचं एक फील्ड उघडा. काहीही न सांगता एक्सजेसी डेटटाइम, डेट, टाइम या तिन्हींसाठी एकच क्लास देतो: एक्सएमएलग्रेगोरियनकॅलेंडर. नाव लांब, वागणूक त्याहून विचित्र, पण तो उगाच नाही. जावाच्या जुन्या डेट क्लासमध्ये ‘टाइमझोन दिलेलाच नाही’ ही स्थिती मांडता येत नाही. याच्यात येते. वर्ष, महिना, दिवस, तास, ऑफसेट, सगळं वेगवेगळं आणि प्रत्येक भाग ‘अनिश्चित’ असू शकतो.

फील्डच्या वर एक्सएमएलस्कीमाटाइप नावाचं अ‍ॅनोटेशन दिसेल. तिन्ही प्रकारांचा क्लास एकच असल्यामुळे लिहिताना नेमकं काय छापायचं ते या अ‍ॅनोटेशनवरून ठरतं. तिथे ‘डेट’ असेल तर वेळ छापली जात नाही, मात्र ऑफसेट असेल तर तो छापला जातो. माझ्या शेपटीचं मूळ हे.

बाकीच्या भाषांत चित्र वेगळं. सी++ मध्ये कोडसिंथेसिसचा जनरेटर सुट्या आकड्यांचा क्लास देतो, ऑफसेट आहे की नाही हेही त्याला विचारता येतं. जीसोप हा तिथलाच दुसरा जनरेटर मात्र आपणहून डेटटाइमला टाइम_टी (नुसती सेकंदांची मोजणी) करतो, म्हणजे सेकंदाचे अपूर्णांक आणि मूळ ऑफसेट गेले. ते हवे असतील तर टाइपमॅप फाइलमध्ये दुसरा प्रकार नेमावा लागतो. पायथॉनचा एक्सएसडेटा स्वतःचे एक्सएमएलडेट, एक्सएमएलडेटटाइम असे क्लास देतो. भाषा कुठलीही असो, विचारायचं एकच: ‘ऑफसेट नाही’ आणि ‘ऑफसेट शून्य आहे’ यांतला फरक हा क्लास जपतो का?

जनरेट झालेल्या फाइलीत हाताने बदल करू नका. पुढच्या बिल्डला ते पुसले जातील, आणि तोपर्यंत ते बदल का केले होते हे तुम्हीच विसरलेले असाल.

४. वाचताना

तारीख असेल तर वर्ष, महिना, दिवस हे तीन आकडे काढा आणि त्यांवरून लोकलडेट (जावाचा नुसत्या तारखेचा क्लास) बनवा. टूग्रेगोरियनकॅलेंडर मार्गे जाऊ नका. ऑफसेट नसेल तर तो रस्ता मशीनचा डीफॉल्ट टाइमझोन गुपचूप चिकटवतो. तुमच्या लॅपटॉपवर सगळं बरोबर आणि यूटीसीवर चालणाऱ्या सर्व्हरवर चूक, अशी बहुतेक प्रकरणं इथे उगम पावतात.

क्षण असेल तर आधी गेटटाइमझोन बघा. उत्तर मिनिटांत येतं: +०५:३० साठी ३३०. ऑफसेट नसेल तर फील्ड_अनडिफाइन्ड हा स्थिरांक मिळतो, म्हणजे उणे २१४७४८३६४८. ही तपासणी न करता त्या आकड्याने गणित केलंत तर निघणारी वेळ बघून हसू येईल, पण ती प्रॉडक्शनमध्ये निघाली तर नाही येणार. ऑफसेट नसलेल्या क्षणाचं काय करायचं हे समोरच्या टीमला विचारून ठरवा आणि एकाच ठिकाणी लिहा: नाकारायचा, की ठरलेला झोन लावायचा. मी नाकारतो. ऑफसेट असेल तर मात्र टूग्रेगोरियनकॅलेंडर आणि मग टूझोन्डडेटटाइम हा रस्ता सुरक्षित आहे.

महिन्याच्या आकड्याचा जुना गोंधळ इथेही आहे. एक्सएमएलग्रेगोरियनकॅलेंडर महिने १ ते १२ मोजतो, जुना ग्रेगोरियनकॅलेंडर ० ते ११. एकातून दुसऱ्यात हाताने आकडे भरत असाल तर डिसेंबरचं काय होतं ते एकदा चालवून बघा.

तुलना करताना आणखी एक सापळा, हा मला खूप उशिरा सापडला. ऑफसेट असलेली आणि नसलेली वेळ यांची तुलना स्कीमाच्या नियमांनुसार दर वेळी ठरवता येत नाही. दोघींत पुरेसं अंतर नसेल तर उत्तर ‘अनिर्णित’. जावात कंपेअर मेथड लहान असेल तर -१, समान असेल तर ०, मोठी असेल तर १ देते, आणि अनिर्णितसाठी २. आपण सवयीने ‘शून्यापेक्षा मोठं आहे का’ असं तपासतो. २ हा शून्यापेक्षा मोठाच. झालं, अनिर्णित मूल्य बिनबोभाट ‘नंतरचं’ ठरलं.

आणि वाचण्यातला सर्वात वाईट प्रकार: फाइलमध्ये ‘१५-०३-२०२४’ असं काहीतरी आलं तर जॅक्सबी ओरडत नाही. अनमार्शलरची (एक्सएमएल वाचून ऑब्जेक्ट बनवणारा भाग) नेहमीची वागणूक अशी की मूल्य समजलं नाही तर फील्ड नल ठेवून पुढे जायचं. तुमच्या कोडला वाटतं तारीख दिलीच नव्हती. यावर उपाय सोपा आहे: अनमार्शलरला सेटस्कीमाने स्कीमा द्या, किंवा निदान इव्हेंट हँडलर लावून चूक दिसली की थांबा. पहिल्याच दिवशी करायचं काम आहे हे.

५. लिहिताना

शोधून सापडणारा नेहमीचा नुस्खा असा: ग्रेगोरियनकॅलेंडर बनवा, त्यात डेट भरा, डेटाटाइपफॅक्टरीकडून एक्सएमएलग्रेगोरियनकॅलेंडर घ्या. चालतो. पण त्यात सगळे भाग भरले जातात: मशीनचा ऑफसेट आणि मिलिसेकंदसुद्धा. म्हणून ‘१०:३०:००.०००+०५:३०’ असं छापलं जातं. समोरच्या स्कीमात पॅटर्न लावून अपूर्णांक बंद केले असतील तर फाइल परत येते. नको असलेला भाग सेटटाइमझोन किंवा सेटमिलिसेकंदला फील्ड_अनडिफाइन्ड देऊन काढता येतो, पण दर ठिकाणी ते आठवणीने करणं आलं.

मला सरळ वाटतो तो मार्ग: मजकूर बनवा आणि तो फॅक्टरीला द्या. लोकलडेटची टूस्ट्रिंग ‘२०२४-०३-१५’ देते, ती फॅक्टरीला दिली की ऑफसेट नसलेली स्वच्छ तारीख मिळते.

क्षणासाठी मात्र टूस्ट्रिंग वापरू नका. ऑफसेटडेटटाइमची टूस्ट्रिंग सेकंद आणि अपूर्णांक दोन्ही शून्य असतील तर सेकंद गाळून टाकते: ‘२०२४-०३-१५टी१०:३०+०५:३०’. हे स्कीमाला चालत नाही आणि फॅक्टरी इल्लीगलआर्ग्युमेंट एक्सेप्शन फेकते. गंमत अशी की चाचणीत आपण ‘आत्ताची वेळ’ वापरतो, त्यात नॅनोसेकंद शून्य असण्याची शक्यता जवळपास नाहीच. चाचण्या हिरव्या. मग वापरणारा फॉर्ममध्ये बरोबर साडेदहा भरतो आणि कोसळतं. उपाय: डेटटाइमफॉरमॅटरमधला आयएसओ_ऑफसेट_डेट_टाइम. तो सेकंद नेहमी छापतो.

या क्लासची मूल्यं बदलता येतात हेही लक्षात ठेवा. एकच ऑब्जेक्ट दोन फील्डांत टाकून एकाचा ऑफसेट काढलात तर दुसऱ्याचाही गेला.

६. बाइंडिंग फाइल: एकदाच कष्ट

वरच्या सगळ्या काळज्या दर फील्डला घ्यायच्या नसतील तर जनरेटरलाच सांगा की डेटसाठी लोकलडेट आणि डेटटाइमसाठी ऑफसेटडेटटाइम दे. त्यासाठी स्कीमाशेजारी एक बाइंडिंग फाइल ठेवतात, शेवट बहुधा एक्सजेबी. क्रम असा:

क) एक्सएमएलअ‍ॅडॅप्टरपासून दोन छोटे क्लास बनवा, एक तारखेसाठी आणि एक क्षणासाठी. प्रत्येकात अनमार्शल आणि मार्शल. नल आलं तर नल परत, ही ओळ पहिली लिहा. ऐच्छिक फील्डांसाठी नल येतंच.

ख) तारीख वाचताना आयएसओ_डेट फॉरमॅटर द्या. तो शेपटीला ऑफसेट असला तरी चालवून घेतो आणि नसला तरी. फॉरमॅटर न देता लोकलडेटच्या पार्सला सोडलंत तर ऑफसेट दिसताच ते एक्सेप्शन फेकेल. लिहिताना ऑफसेट नाहीच.

ग) बाइंडिंग फाइलमध्ये ग्लोबल बाइंडिंग्जखाली जावाटाइप टाकून कुठल्या एक्सएमएल प्रकाराला कुठला जावा क्लास आणि कुठला अ‍ॅडॅप्टर ते लिहा. अ‍ॅडॅप्टर थेट नेमण्याची सोय एक्सजेसीच्या स्वतःच्या नेमस्पेसमध्ये आहे, म्हणून कमांडला एक्सटेन्शन हा पर्याय द्यावा लागतो. तो विसरल्यावर येणारा एरर मेसेज वाचून कारण कळेलच असं नाही.

घ) बाइंडिंग फाइलीतली आवृत्ती आणि नेमस्पेस तुमच्या जॅक्सबीच्या पिढीशी जुळतात का पाहा. जावाएक्स आणि जकार्ता यांची सरमिसळ इथेही होते.

ग्लोबल म्हणजे खरोखरच ग्लोबल. डेटटाइममध्ये कोंबलेली जन्मतारीख असेल तर तेवढ्या फील्डसाठी एक्सपाथ (स्कीमातल्या त्या जागेचा पत्ता) देऊन वेगळं बाइंडिंग लिहा. दुसऱ्या पायरीतला कागद इथे कामी येतो.

७. डॉटनेटवाल्यांसाठी

एक्सएसडी टूल सगळ्यांसाठी डेटटाइम देतं, आणि तारीख की वेळ हे डेटाटाइप अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ठेवतं. दोन सापळे.

पहिला: ऐच्छिक फील्ड असेल तर टूल शेजारी एक बूलियन प्रॉपर्टी बनवतं, नावाच्या शेवटी ‘स्पेसिफाइड’. तारीख भरलीत पण ही ट्रू केली नाहीत तर एलिमेंट फाइलमध्ये जातच नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही. नवीन आलेल्या प्रत्येकाचा निदान अर्धा दिवस यात जातो.

दुसरा: डेटटाइमची काइंड प्रॉपर्टी. यूटीसी असेल तर ‘झेड’ छापला जातो, लोकल असेल तर मशीनचा ऑफसेट, अनस्पेसिफाइड असेल तर काहीच नाही. डेटाबेसमधून आलेली मूल्यं बहुधा अनस्पेसिफाइड असतात. म्हणजे क्षण पाठवायचा होता आणि ऑफसेट नसलेला मजकूर गेला. पाठवण्याआधी स्पेसिफायकाइंडने काइंड नेमा. वाचताना ऑफसेट असलेलं मूल्य मशीनच्या स्थानिक वेळेत बदलून मिळतं, मूळ ऑफसेट हरवतो.

८. कालावधी

‘पी१एम’ म्हणजे एक महिना, ‘पीटी१एम’ म्हणजे एक मिनिट. त्या एका ‘टी’वर सगळी मदार आहे, म्हणून हाताने लिहिणं टाळा.

एक महिना म्हणजे किती दिवस, याला स्कीमात उत्तर नाही. एक महिना आणि तीस दिवस यांची तुलना अनिर्णित. डॉटनेटचं एक्सएमएलकन्व्हर्ट मात्र महिन्याला ३० आणि वर्षाला ३६५ दिवस धरून टाइमस्पॅन करून देतं. कराराच्या मुदती मोजत असाल तर ते चुकीचं ठरेल. मूळ तारखेत महिने मिळवा, दिवस करून नव्हे.

जावाच्या नव्या क्लासेसमध्ये पीरियड फक्त वर्ष-महिने-दिवस समजतो आणि ड्युरेशन फक्त दिवस-तास-मिनिटं-सेकंद. दोन्ही मिसळलेलं मूल्य आलं तर दोघंही नाकारतात. तेव्हा जुन्या जावाएक्स पॅकेजमधला ड्युरेशनच बरा. उणे चिन्हही वेगळं पडतं: स्कीमाला ते सगळ्यात पुढे हवं, ‘-पीटी५एच’. नवा ड्युरेशन ‘पीटी-५एच’ छापतो, आणि ते अवैध आहे.

९. चाचण्या

चाचण्या एकाच टाइमझोनमध्ये चालवू नका. जेव्हीएमला यूझर.टाइमझोन देऊन त्याच चाचण्या तीनदा चालवा: यूटीसी, यूटीसीच्या बऱ्याच पुढचा एक झोन, बऱ्याच मागचा एक. तिन्ही वेळा बनलेली फाइल अक्षरशः सारखी आली पाहिजे. जिथे फरक दिसेल तिथे कुणीतरी मशीनचा झोन वापरतंय.

मूल्यं मी ही ठेवतो: सेकंद शून्य असलेली वेळ, ‘झेड’ असलेली, ऑफसेट नसलेली, ‘-०३:३०’ सारखा उणे आणि अर्ध्या तासाचा ऑफसेट, ऑफसेट लटकलेली नुसती तारीख, २९ फेब्रुवारी, सेकंदाला नऊ अपूर्णांक असलेली वेळ आणि ‘२४:००:००’. शेवटची स्कीमाप्रमाणे वैध आहे, अर्थ दुसऱ्या दिवसाची मध्यरात्र. पण बऱ्याच लायब्रऱ्या ती नाकारतात. तुमच्या समोरची सिस्टिम ती पाठवते का हे फाइली बघूनच कळेल. माझ्याकडे ती दोन वर्षांत एकदाच आली, महिनाअखेरीच्या फाइलमध्ये.